दुसरा नारू

डॉक्टरांनी तो काळा फोटो खिडकीसमोर धरला, तेव्हा वच्छलाबाईला त्यातून आधी मागचं कडुनिंबाचं झाड दिसलं. एक डहाळी तिच्या बरगड्यांतून हलत होती. मग डोळे सरावले, झाड मागं सरलं आणि बरगड्या पुढं आल्या, उसवलेल्या टोपलीच्या कामट्यांसारख्या. त्यांच्याआड एक धुरकट, बसका गोळा होता. हे काळीज, डॉक्टर म्हणाले. इतकी वर्षं जे ठिकाण दाखवायला ती पदरावर हात ठेवत आली होती, ते भलतीकडंच होतं, याचं तिला थोडं हसू आलं. आणि त्या गोळ्याच्या कडेला, शिवताना कुणी हाक मारली म्हणून सुई बाजूला ठेवावी आणि दोरा तसाच विसरून जावं, तसा एक पांढरा धागा वेटोळं करून पडला होता. डॉक्टरांनी पेन्सिलीचं टोक त्याच्यावर टेकवलं. "बाई, तुम्हाला कधी नारू झाला होता?" आणि तोंडून हो-नाही निघायच्या आधीच तिचा डावा पाय खुर्चीखाली गेला, लपवल्यासारखा. कुणी न सांगता गेला. पायाला सगळं आठवत होतं, आणि ती मात्र इतकी वर्षं समजत होती की, आठवणारी आपण एकटीच.

डॉक्टर तरुण होते, पुण्याकडचे, जाड भिंगाचा चष्मा लावणारे, आणि तिच्याशी बोलताना शब्द सुटे सुटे करून बोलत होते, लहान पोराला घास बारीक करून द्यावा तसे. तिनं तो घास मुकाट्यानं घेतला. हा किडा मेलेला आहे, ते म्हणाले. केव्हाच मेला असेल, आता त्याचा नुसता चुना झालाय. पायाला झाला होता तो हा नव्हे. तो तुटून आत राहिला असेल तर तिथंच सुजून, पू होऊन संपला. हा दुसराच. पाण्याबरोबर दोघं आले असतील, एक पायाशी उतरला आणि हा वाट चुकून इकडं छातीत आला, बाहेर पडायला जागा मिळाली नाही, मेला. याला कुणी ओढला नाही, कुणी तोडला नाही. याचं असं होणारच होतं. मग त्यांनी चष्मा पुसला. तिला वाटलं, आता खरं सांगतील. "तो काही करत नाही, बाई. जे करतंय ते तुमचंच रक्त करतंय. रक्ताचं काम परक्याला ओळखून त्याच्यावर तुटून पडायचं. इतकी वर्षं ते याच्याशी लढत राहिलं, आणि लढता लढता त्याला आता त्या किड्यातलं आणि तुमच्या काळजाच्या आवरणातलं वेगळं कळेनासं झालंय. किडा मेला, पण रक्त थांबलं नाही. ते काळजावरच उठलंय." आवरण जाड झालंय, वाळत घातलेल्या कातड्यासारखं आवळतंय, काळजाला फुलायला जागा नाही, म्हणून पोट फुगतं, पाय सुजतात, मानेच्या शिरा उभ्या राहतात. हे सगळं पुस्तकात असं लिहिलेलं सापडणार नाही, हा आपला अंदाज आहे, हेही त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. पण आवळलंय हे नक्की, आणि ते सोलून काढावं लागेल हेही नक्की. मुंबईला हे काम होतं. पावसाळ्याच्या आत गेलं पाहिजे, पावसाळा लागल्यावर मी काही सांगू शकत नाही. यजमान कुठे आहेत तुमचे?

यजमान कापूस घ्यायला गेले होते. खामगावला आलोच आहोत तर शेगावच्या आपल्या लॉजच्या गाद्यांना सरकी काढलेला कापूस घेऊन टाकतो, म्हणाले होते. फोटो काढायच्या खोलीपर्यंत आले, तिथला तो खांबावरचा यंत्राचा डोळा पाहिला, आणि एकदम त्यांना कापूस आठवला. डॉक्टरांनी तिलाच सगळं पुन्हा एकदा सांगितलं, यजमानांना नीट सांगा म्हणाले, आणि फोटो खाकी पाकिटात घालून दिला. जिना उतरताना दर दोन पायऱ्यांनी ती थांबत होती आणि पाकीट छातीशी धरलं होतं. म्हणजे छाती आत एक आणि बाहेर एक. खाली रस्त्यावर नेहमीसारखं होतं. कुणी कुणाला बैलाच्या शेपटीवरून बोलत होतं. तिला वाटलं होतं, काहीतरी बदललेलं दिसेल.

जलंबला जाणारी गाडी छोटी, दम्याच्या म्हाताऱ्यासारखी खोकत निघणारी. भगवंतराव गाठोडं घेऊन धावत आले आणि ते पायांशी दाबून बसले. डब्यात बाया दाटीवाटीनं बसलेल्या, त्यातल्या एकीनं पाकिटाकडं बघून विचारलं की पोरीचा फोटो दाखवाले नेऊन राह्यली का, बाई. वच्छलाबाई हो म्हणाली. पोरगी गोरी आहे का? तिनं सांगितलं, काळी आहे, हाडकुळी आहे. मंग कठीन आहे, बाई म्हणाली आणि तिला जागा करून दिली. भगवंतराव खिडकीबाहेर बघत होते. त्यांनी विचारलं नाही. डब्यात माणसं आहेत म्हणून विचारलं नाही, असं तिनं स्वतःला सांगितलं; पण माणसं नसती तरी त्यांनी विचारलं नसतं, हे तिला त्यांच्या मानेवरून कळत होतं. त्या मानेबरोबर ती वीस-बावीस वर्षं राहिली होती.

पोट फुगायला लागलं तेव्हा आधी हसू झालं होतं. पोरगी अंबू पहिलटकरीण, मलकापूरहून बाळंतपणाला येणार, आणि इकडं आईचं पोट पोरीच्या पुढं. समोरच्या गीताबाईनं नळावर घागर विसळता विसळता, माय-लेकीनं एकच पाळणा घ्यावा, स्वस्तात पडते, असं म्हटलं आणि साऱ्या बाया पदर तोंडात धरून हसल्या. वच्छलाबाईही हसली. घरी येऊन तिनं ते भगवंतरावांना सांगितलं तर ते कानापर्यंत लाल झाले. त्या वयाचा माणूस लाजताना बघून तिला एकदम फार माया आली होती, आणि मायेच्या पाठोपाठ नेहमीची ती दुसरी गोष्टही आली. ती नेहमीच यायची. माया पुढं आणि ती मागून, वाटणीदारासारखी. त्यांच्या हाताकडं नजर जायची. उजव्या हाताचा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट. ह्याच दोन बोटांनी.

सासर लोणारच्या पलीकडं, आणि माहेर पार इकडं वरवट बकालला. इतक्या लांब पोरगी देऊ नये असं माहेरी सगळ्यांना वाटत होतं आणि सगळ्यांनी दिली. माहेरच्या विहिरीला रहाट होता, पाणी गोड होतं. सासरच्या विहिरीला पायऱ्या होत्या. दगडी, रुंद, गुळगुळीत झालेल्या, थेट पाण्यात उतरणाऱ्या. बाया गुडघाभर पाण्यात उभ्या राहून घागरी बुडवायच्या. तिला ती विहीर पहिल्याच दिवशी आवडली होती. रहाटाच्या विहिरीत पाणी नुसतं दिसतं, इथं पाण्यात जाता येत होतं. गावात ज्याच्या त्याच्या पायाला नारूची काडी बांधलेली असायची. चालताना सांभाळून टाकलेलं पाऊल बघून कुणी काही विचारत नसे. आणि ज्याच्या पायाला आग सुटे तो त्या पायऱ्यांवर येऊन बसे, पाय पाण्यात सोडून. थंड वाटे. लोक एकमेकांना जागा करून देत. दुपारच्या वेळी तिथं देवळात बसावं तशी चार-सहा माणसं डोळे मिटून बसलेली असत, आणि त्यांच्या पायांशेजारीच बाया घागरी भरत. कुणाला त्यात काही वाटायचं नाही. तिलाही नाही.

लग्नाला वर्ष होत आलं आणि घोट्याच्या वर एक फोड आला. अंगात एवढी आग असू शकते हे तिला माहीत नव्हतं. तीही जाऊन पायरीवर बसली, पाय सोडला, आणि तो थंडावा अजून आठवत होता, आता, या गाडीत, या उन्हात. त्या थंडाव्याइतकं सुख तिला पुढं कशानंच दिलं नाही. फोड फुटला आणि त्यातून दोऱ्याचं पांढरं टोक वर आलं. सासूनं, सोजराबाईनं ते पाहिलं आणि ओसरीवरूनच गल्लीला ऐकवलं की सुनेनं माहेराहून नारू आणला. आमच्या घरात तीन पिढ्या कोनाले नव्हता. ही गोष्ट खोटी होती. खुद्द सोजराबाईच्या दोन्ही पोटऱ्यांवर वण होते. पण ते जुने वण घरचे होते, हा नवा बाहेरून आला होता. त्या दिवसापासून माठाला हात लावायचा नाही, पाणी कुणी दिलं तर प्यायचं. पाय बरा होईपर्यंत. तहान लागली की घरात कोण मोकळं आहे ते बघायचं. तेव्हा तिला सोळावं होतं, आणि घोटभर पाणी मागायला तोंड उघडावं लागतं याची लाज तहानेपेक्षा मोठी असते, हे तिला त्या दिवसांत कळलं.

तरी नारू काढायला बसायची ती सोजराबाईच. तोंड चालू आणि हात वेगळे. तुराटीचा बोटभर तुकडा, त्याच्यावर ते टोक गुंडाळायचं, आणि रोज सकाळी, पायावर कोमट पाणी सोडत सोडत, एक वेढा. एकच. तो किती येतो ते त्याच्या मर्जीनं. त्याला कळू द्यायचं नाही की आपण त्याला काढतो आहोत. येईनासा झाला की काडी तिथंच बांधायची, वर एरंडाचं पान, आणि उद्या. सोजराबाई खाली मान घालून वेढा द्यायची आणि तोंडानं वच्छलेच्या आईबापाचा उद्धार करायची. आणि तिची ती सुरकुतलेली बोटं मात्र इतकी हलकी असायची की वच्छलेला रडू यायचं ते दुखलं म्हणून नाही. एकाच बाईचं तोंड आणि हात एकमेकांना ओळखत नाहीत, असं कसं असतं, असा तिला तेव्हा प्रश्न पडायचा. निम्म्याच्या वर काडीवर आला होता. मग शेगावहून रामराव मामांचा निरोप आला, की लॉजवर माणूस पाहिजे, भगवंताला बायकोसकट पाठवून द्या, उशीर झाला तर दुसरा बघतो. गाडी जुंपायचा दिवस ठरला. सोजराबाई शेतात होती. भगवंतराव तिच्या पायाशी बसले. तेव्हा ते पोरगेलेच होते, मिसरूड फुटलेले, घरातून एकदा बाहेर पडायची घाई त्यांच्या अंगात मावत नव्हती. "एवढंसं तर राह्यलं," ते म्हणाले. "काऊन रोज रोज?" आणि अंगठा आणि शेजारचं बोट.

तुटल्याचा आवाज होत नाही. तरी तिनं तो ऐकला. उरलेला आत मागं सरकला, घरात शिरलेल्या उंदराचं शेपूट शेवटी दिसावं तसा, आणि दुधासारखं काहीतरी पाझरलं. सांजेपर्यंत अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, घसा मिटत चालला. सोजराबाई शेतातून आली, काडी बघितली, विचारलं, कोनं केलं हे. भगवंतराव ओसरीच्या खांबाला धरून उभे होते. त्यांनी काही म्हटलं नाही. वच्छलेनं सुजलेल्या तोंडानं सांगितलं, की उतरताना गाडीच्या चाकात अडकला. सोजराबाईनं त्या तोंडावरच एक ठेवून दिली, आणि मग रात्रंदिवस बसून पोटीस बांधली. पाय वाचला. मग ते शेगावला आले. त्या गोष्टीबद्दल त्यांच्यात पुढं एक शब्द झाला नाही. कधीच नाही. अंबू झाली, मामा गेले, लॉज त्यांचं झालं, भिंतीला तीनदा रंग दिला, शब्द झाला नाही.

आणि तो शब्द न झाल्यानंच तिच्यापाशी काहीतरी राहिलं होतं. बाकी बायांपाशी सोनं असतं, नाहीतर माहेरची एखादी शेताची पट्टी. तिच्यापाशी हे होतं, की ह्या माणसानं तोडला आणि मी झाकलं. भांडणात ते तिनं कधी काढलं नाही, काढायचं नव्हतंच. असलं म्हणजे झालं. भगवंतराव सकाळी उठून सगळ्या लॉजचं पाणी स्वतः गाळायचे, धोतराची दुहेरी घडी हंड्यावर बांधून, नळाचं चांगलं पाणी, तरी. भाविक हसायचे. गल्लीत त्यांना गाळणे भगवंतराव म्हणत. ती ते बघायची आणि मनाशी म्हणायची, मोठे सोवळे, हातानं काय केलं ते विचारा. सासू मरून तेराव्याला लोणारकडं गेले तेव्हा विहिरीला कठडा झालेला, पायऱ्या बुजवलेल्या, कप्पी लावलेली. झेडपी झाल्यावर केलं म्हणे, आणि तेव्हापासून गावात नारू नाही, सारं ह्याच पाण्यात होतं, असं कुणीतरी पान खाता खाता सांगितलं. ह्याच पाण्यात. तेव्हा माठ बंद होता तो ह्याच पाण्याचा. सांगायला सासू राहिली नव्हती. तिनं भगवंतरावांकडं पाहिलं तर ते कठड्यावरून वाकून आत बघत होते. तेव्हाही त्यांची मानच दिसली.

आणि आता तो पुण्याचा पोरगा म्हणतो, तो तुटलेला कधीच संपला. याला कुणी ओढला नाही. ती इतकी वर्षं ज्याच्याशी भांडत बसली होती तो तिथं नव्हताच. तिला वाटलं, डब्यातल्या साऱ्या बायांसमोर आपण हसून टाकावं. रक्ताला वेगळं कळेनासं झालंय म्हणे. रक्ताला कोण बोल लावणार.

तिला रहेमतुल्ला आठवला. लॉजच्या मागच्या बाजूला कल्हई करायचा, बापाच्या वेळेपासून. गेल्या साली लढाई झाली, दिवे झाकायचा हुकूम निघाला, आणि गल्लीतल्या पोरांनी काठ्या घेऊन पहारा सुरू केला. एका सांजेला रहेमतुल्लाची भट्टी जरा उशिरापर्यंत लाल राहिली. आभाळातल्या इमानाले इशारा करते, कुणीतरी म्हणालं. ज्यांच्या आईच्या परातीत त्यानं आपल्या हातानं कल्हई फिरवली होती त्याच पोरांनी त्याला धरला. वच्छलाबाईनं आतून हाक मारली होती, अवो, जा ना, तुमचं ऐकतीन ते. भगवंतराव दारात उभे होते. "बघू," म्हणाले, "जरा शांत होऊ दे." शांत झालं तेव्हा त्याचा हात मोडलेला होता. लढाई संपली, दिवे उघडले, तरी ती पोरं कितीतरी दिवस काठ्या घेऊन फिरत होती आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना नाव विचारत होती. रहेमतुल्ला लेकीकडं बाळापूरला निघून गेला. तेव्हापासून लॉजची पितळी भांडी कळकायला लागली, आमटीला हिरवट चव येते, आणि भगवंतराव रोज म्हणतात, त्याले बोलावनं पाठवू. बघू.

हा माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर सोपं होतं. त्याच्या तोंडात ‘बघू’ हा एक शब्द होता आणि त्याच्या मागं तो जन्मभर दारात उभा होता. ती आता सांगेल की छाती उघडून आवरण सोलायचं आहे, मुंबईला, पावसाळ्याच्या आत. ते ऐकतील, मान हलवतील. मग अंबूचं बाळंतपण होऊन जाऊ दे म्हणतील, आणि ते तिलाही पटेल. मग महाराजांच्या समाधीवर नारळ ठेवून येतील. मग एक वैद्य कळेल कुठला तरी. मग पाऊस लागेल. सोजराबाईच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला तेव्हा असंच झालं होतं. बघू बघू करता म्हातारी आंधळी मेली. तिला अंबूचं पोर बघायचं होतं. एवढंच पाहिजे होतं. नुसतं बघायचं नाही, अंगावर तेल जिरवून, टाचेत धरून न्हाऊ घालायचं होतं, आणि त्यासाठी श्वास लागतो.

जलंबला उतरल्यावर शेगावकडच्या गाडीला अवकाश होता. फलाटावर पिंपळाखाली एक बाक होता, तिथं ती बसली. पाठ दुखते हे तिनं सांगितलं नव्हतं, पण भगवंतरावांनी कापसाचं गाठोडं तिच्या पाठीमागं लावलं. कापूस उन्हानं कोमट झाला होता. मग ते उभेच राहिले. फलाट मोकळा होता, एक कुत्रं रुळांवरून सावकाश पलीकडं गेलं. त्यांनी पाकिटाकडं पाहिलं, बाजूला पाहिलं, परत पाकिटाकडं.

"मी खोलीत आलो होतो," ते म्हणाले. "तू फोटोले उभी होती तवा. मंग मले उभं राह्यवलं नाही."

तिनं पाकीट मांडीवर घेतलं.

"नारूच आहे ना तो? कापूस घेऊन माघारी आलो तवा कंपाउंडर बोलून राह्यला होता, की छातीत नारू दिसते म्हने." त्यांचा अंगठा शेजारच्या बोटावर घासत होता, जुनी सवय होती ती, तिला वाटायचं तंबाखूची. "तो तुकडाच ना? म्या तोडलेला?"

इतक्या वर्षांनी तो शब्द असा आला, भर दुपारी, जलंबच्या फलाटावर, आणि नेमका त्या दिवशी आला ज्या दिवशी तो खोटा ठरला होता. तिच्या कानात डॉक्टरांचं ते सुटं सुटं बोलणं होतं. दुसराच. वाट चुकलेला. कुणी ओढला नाही. एवढं म्हटलं की हा माणूस मोकळा होईल, खांबाला धरून उभा असलेला तो पोरगा हात सोडून खाली बसेल. आणि मोकळा झाला की म्हणेल, बघू. तिनं पाकिटावरून हात फिरवला. आत तो पांढरा धागा होता.

"हो," ती म्हणाली. "तोच."

भगवंतराव खाली बसले. बाकावर नाही, जमिनीवर, तिच्या पायाशी, जसे तेव्हा बसले होते. चेहरा असा झाला की तिला तो बघवेना. सोलायचं आहे, मुंबईला, पावसाळ्याच्या आत, हे तिनं त्यांच्या डोक्यावरून पलीकडच्या रुळांना सांगितलं. त्यांनी अंबूचं नाव काढलं नाही, नारळाचं नाव काढलं नाही. "उद्याच निघू," ते म्हणाले. "गीताबाईले किल्ली देऊ. अंबूले तिची सासू बघन. उद्याच." आणि त्यांचा हात तिच्या डाव्या पायाकडं गेला, घोट्याच्या वरच्या त्या वणापर्यंत, आणि टेकला नाही, वरच थांबला. म्हातारा हात झाला होता. नखांत कापसाचे तंतू अडकलेले. तिला एकदम सोसवेना. हे मी काय करते आहे, असं तिला वाटलं, ह्याला आता हे आयुष्यभर पुरेल, मी मुंबईहून आले तरी आणि नाही आले तर जास्तच. सांगून टाकू. उद्या निघायचं कबूल झालंच आहे, आता फिरणार नाहीत. नाहीच फिरणार.

"अवो," ती म्हणाली, "ऐका..."

"थांब, बोलू दे मले," भगवंतराव म्हणाले. "नाहीतर माह्याच्यानं मंग होत नाही." ते तिच्याकडं बघत नव्हते. "आपली अंबू रांगत होती तवा लॉजवर तो सरकारी इन्स्पेक्टर उतरला होता. पान्यात किडा असते म्हने, डोळ्याले दिसत नाही, त्याच्यातून नारू होते. पायऱ्यायच्या विहिरीतून. पानी कापडातून गाळलं का जाते. त्यानं मले सारं सांगतलं. म्हनजे आपलंच पानी होतं, वच्छले. तुह्या माहेराचं नव्हतं. मले ठाऊक होतं. माय तवा धडधाकट होती. तिले सांगाले पायजे होतं."

अंबू रांगत होती तेव्हा. त्यानंतर सोजराबाई कितीतरी वर्षं जगली. दर दिवाळीला, दर पोळ्याला त्यांना भेटायला गेलं की ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, ही आमची सून, हिनंच आमच्या घरात नारू आणला. शेवटी आंधळी झाली तरी आवाजावरून ओळखून सांगायची. आणि ह्या माणसाला ठाऊक होतं. घरी जाऊन मुकाट पाणी गाळत होता. तिला वाटायचं, सोवळं. तिच्या छातीतलं ते कातडं एक वेढा आवळल्यासारखं झालं, गळ्यातली शीर उभी राहिली, आणि थोडा वेळ श्वास आलाच नाही. पिंपळाची पानं वाजत होती. ती वाट बघत राहिली. श्वास आला, अर्धा.

"तू काई म्हनत होती," भगवंतराव म्हणाले.

"काई नाही," ती म्हणाली. "पानी आना."

ते उठले. गुडघ्यावर हात देऊन उठावं लागलं त्यांना. नळापाशी गेले, पिशवीतून पेला काढला, धोतराचा सोगा दुहेरी करून पेल्यावर धरला आणि नळ अगदी बारीक सोडला. एक हमाल थांबून बघायला लागला. तिच्या पाठीशी कापूस होता, मांडीवर पाकीट होतं, आणि तो माणूस उन्हात उभा राहून स्वच्छ पाणी गाळत होता. मुंबई, तिथली ती खाट, आणि तिथून परत यायचं झालं तर परत येणं, एवढा लांबचा पल्ला होता. तोवर ह्याला घाई करून चालणार नाही, तिनं मनाशी म्हटलं. रोज थोडं, सोजराबाईसारखा एकच वेढा. ह्याला कळू द्यायचं नाही. पेला आला, तिनं तो दोन्ही हातांनी घेतला आणि पाणी पिऊन टाकलं. काडी आता तिच्या हातात होती.